माळ्यावरचा ‘स्पेक्ट्रम’ पुन्हा गाऊ शकतो : जुन्या कॉम्प्युटरचा आवाज मोठ्या स्पीकरवर कसा आणायचा?

काळी पेटी, काळीच बटणं आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्याच्या तिरक्या पट्ट्या. दिसायला जाड पाटीएवढी. शिरपूर, धुळे, जळगावकडच्या एखाद्या घरात माळा साफ करताना अशी वस्तू हाती लागली, तर नवी पिढी तिला बिघडलेला कीबोर्ड समजून भंगारात देऊन टाकेल. पण तो कीबोर्ड नाही. तो अख्खा कॉम्प्युटर आहे. मॉनिटर म्हणून टीव्ही आणि हार्डडिस्क म्हणून टेपरेकॉर्डर, एवढ्यावर तो चालायचा.

असा कॉम्प्युटर चालू झालाच, तर पहिली तक्रार एकच येते. आवाज कुठाय? कान लावला की आतून डासासारखी बारीक पिपाणी ऐकू येते. टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, फरक शून्य.

मग हा आवाज बाहेरच्या स्पीकरवर आणता येतो का? येतो. बहुतेक वेळा पेटीचा एकही स्क्रू न काढता येतो. पण घाईत एक चुकीची तार जोडली, तर ४० वर्षं टिकलेलं यंत्र एका सेकंदात कायमचं गप्प होऊ शकतं. म्हणून आधी गोष्ट समजून घेऊ.

हा कॉम्प्युटर आला कुठून?

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या ब्रिटिश कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६ केबीचं मॉडेल १२५ पौंडांना, ४८ केबीचं १७५ पौंडांना. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे मोठ्या कंपन्यांचं आणि विद्यापीठांचं काम. स्पेक्ट्रमने तो मध्यमवर्गीय घरातल्या टीव्हीसमोर आणून ठेवला. जगभरात त्याचे ५० लाखांहून अधिक नग खपले.

१९८४ मध्ये त्याचं ‘स्पेक्ट्रम प्लस’ हे रूप आलं. आतला बोर्ड जवळपास तोच, बाहेरची पेटी आणि बटणं मात्र नवी. भारतात हेच मॉडेल ८० च्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकलं. आखातातून किंवा इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतूनही असे कॉम्प्युटर भारतात पोचत. त्यामुळे आज कुणाच्या घरात मूळ सिंक्लेअरचा नग सापडेल, कुणाच्या घरात डीबीचा. खाली सांगितलेलं दोघांनाही लागू पडतं.

यात आवाज तयार कसा होतो?

आजच्या मोबाईलमध्ये आवाजासाठी वेगळी चिप असते. ४८ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये अशी चिपच नाही. आहे ती फक्त एक तार. प्रोसेसरने सांगितलं की त्या तारेवर व्होल्टेज चढतं, पुन्हा सांगितलं की उतरतं. स्पीकरचा पडदा व्होल्टेज चढलं की एका बाजूला जातो, उतरलं की दुसऱ्या. हे सेकंदाला ४४० वेळा झालं, तर ४४० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. बस्स, एवढंच. मधला आवाज नाही, कमी-जास्त जोर नाही. दिव्याचं बटण भराभर चालू-बंद करावं, तसा प्रकार.

बेसिक भाषेत यासाठी ‘बीप’ ही आज्ञा होती. तिला दोन आकडे द्यायचे. पहिला, सूर किती सेकंद वाजवायचा. दुसरा, मधल्या पांढरी एकपासून किती स्वर वर. हार्मोनियम वाजवणाऱ्याला हे लगेच कळेल. पांढरी एकला सा धरलं, तर ०, २, ४, ५, ७, ९, ११ आणि १२ या आकड्यांत सा रे ग म प ध नी सां. कोमल रेसाठी १, कोमल गंधारासाठी ३, तीव्र मध्यमासाठी ६.

यात एक गंमत आहे. दुसरा आकडा अपूर्णांकातही देता येतो. ०.५ लिहिलं की सा आणि कोमल रे यांच्या बरोबर मधला सूर. ही सोय समजावताना स्पेक्ट्रमच्या मूळ मॅन्युअलमध्ये भारतीय संगीताचंच उदाहरण दिलं आहे. आपल्या संगीतात अर्ध्या स्वरापेक्षा लहान अंतरं असतात, ही गोष्ट १९८२ च्या ब्रिटिश कॉम्प्युटर मॅन्युअलने नोंदवून ठेवली होती.

मग आवाज इतका बारीक का?

कारण आतला स्पीकर. त्याचा व्यास जेमतेम २२ मिलिमीटर. एवढा पडदा फारशी हवा हलवू शकत नाही, आणि खालचे जाड सूर काढण्यासाठी तर जास्तच हवा हलवावी लागते. म्हणून त्यातून वरच्या पट्टीची किणकिण येते आणि खर्ज जवळपास गायब होतो.

याचा अर्थ खर्ज तिथे नसतोच, असं नाही. तारेवर तो असतो, स्पीकर तो वाजवत नाही. १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’ या गेममध्ये खेळ चालू असतानाही पाठीमागे संगीत वाजत राहायचं. पुढे टिम फॉलिन या ब्रिटिश संगीतकाराने ‘एजंट एक्स’ आणि ‘क्रोनोस’ या गेम्ससाठी याच एका तारेवर एकाच वेळी अनेक वाद्यं वाजत असल्याचा भास तयार केला. ते संगीत आतल्या स्पीकरवर आणि नंतर साध्या होम थिएटरवर ऐकलं, तर दोन वेगळ्या चाली वाटाव्यात इतका फरक पडतो.

टीव्हीचं म्हणाल, तर ४८ केबीचा स्पेक्ट्रम टीव्हीला फक्त चित्र पाठवतो, आवाज पाठवतच नाही. टीव्हीतून आवाज येण्याची सोय नंतरच्या १२८ केबीच्या मॉडेलमध्ये आली. त्यात आवाजासाठी एवाय-३-८९१२ ही वेगळी चिपही होती.

आवाजाच्या आधी वीज

३०-३५ वर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नये. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनमध्ये मध्यभागी निगेटिव्ह असतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरमध्ये मध्यभागी पॉझिटिव्ह असतो. राऊटरचा किंवा सेटटॉप बॉक्सचा ९ व्होल्टचा अडॅप्टर ‘बसतोय की’ म्हणून लावला, की उलटा करंट जाऊन आतली मेमरी आणि पॉवरचा भाग जळू शकतो.

मूळ अडॅप्टरची क्षमता १.४ अँपिअर होती. नवा घ्यायचा तर तेवढी क्षमता आणि मध्यभागी निगेटिव्ह, या दोन्ही गोष्टी मल्टिमीटरने तपासूनच घ्याव्यात. मूळ अडॅप्टर असेल, तर तोही आधी एकटा तपासावा. त्यात रेग्युलेटर नसल्याने काही न जोडता मोजल्यास व्होल्टेज ९ पेक्षा बरंच जास्त दिसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खानदेशात आणखी एक मुद्दा आहे, उन्हाळा. बोर्डावरच्या गोल कपॅसिटरमध्ये, म्हणजे गावाकडचे मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात त्यात, ओलसर रसायन असतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर अनेक वैशाख काढलेल्या पेटीतले कपॅसिटर सुकलेले असण्याची शक्यता बरीच. फुगलेले किंवा गळालेले दिसले, तर ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मार्ग पहिला : स्क्रू न काढता

स्पेक्ट्रमच्या मागच्या बाजूला ३.५ मिलिमीटरची दोन भोकं असतात. एकावर ‘इयर’, दुसऱ्यावर ‘माइक’ असं लिहिलेलं असतं. ही टेपरेकॉर्डरसाठी होती. ‘माइक’मधून प्रोग्रॅम कॅसेटवर जायचा, ‘इयर’मधून परत यायचा.

पण आतमध्ये स्पीकर, इयर आणि माइक हे तिन्ही यूएलए नावाच्या चिपच्या एकाच पिनशी जोडलेले आहेत. त्यामुळे स्पीकरवर जे वाजतं, त्याची नक्कल या दोन्ही भोकांवरही येते. मूळ मॅन्युअलमध्येच हे सांगितलं आहे. हेडफोन लावायचा तर ‘इयर’, कारण तिथे सिग्नल जोरात असतो. ॲम्प्लिफायर लावायचा तर ‘माइक’, कारण तिथली पातळी त्याला साधारण झेपणारी असते.

करायचं इतकंच :

१. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही बंद ठेवा.

२. ३.५ मिलिमीटरची मोनो पिन एका टोकाला आणि दोन आरसीए पिना दुसऱ्या टोकाला, अशी केबल घ्या. मोनो पिनेवर एकच काळी पट्टी असते, स्टिरिओवर दोन.

३. मोनो पिन ‘माइक’मध्ये आणि आरसीए पिना ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन इन’मध्ये लावा.

४. ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून आधी कॉम्प्युटर, मग ॲम्प्लिफायर चालू करा.

५. ‘बीप १, ०’ ही आज्ञा द्या आणि आवाज हळूहळू वाढवा.

मोनो पिनेचा आग्रह कशासाठी? स्पेक्ट्रमचं भोक मोनो आहे. मोबाईलची साधी स्टिरिओ केबल लावली, तर पिनेचा मधला कडा ग्राउंडला टेकतो आणि एकच स्पीकर वाजतो. मग लोक चांगला स्पीकर बिघडला म्हणून उघडून बसतात.

ब्लूटूथ स्पीकर मध्ये घालण्याचा मोह होईल. आवाज येईल, पण थोडा उशिरा येईल. उडी आधी दिसेल आणि टुणकन नंतर ऐकू येईल. गेम खेळायचा असेल तर तारच बरी.

आवाज आला, पण सोबत घरघरही आली?

आपल्याकडे मेनची वीज ५० हर्ट्झची. कॉम्प्युटर एका सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर आणि टीव्ही तिसरीकडे, असं असेल तर तिघांच्या ग्राउंडमध्ये किंचित फरक पडतो आणि तो फरक ऑडिओ केबलमधून घरघर होऊन बाहेर येतो. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

अर्थिंग नाही म्हणून टू-पिनने काम भागवणं, किंवा घरघर जावी म्हणून थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकणं, हे दोन्ही जीवावर बेतणारे उपाय आहेत. घरघर चालेल, शॉक चालणार नाही.

बारीक गुणगुण तरीही राहिली, तर ती स्पेक्ट्रमच्याच बोर्डावरची असते. चित्र, मेमरी आणि आवाज सगळं एकाच छोट्या बोर्डावर असल्याने थोडी सरमिसळ होतेच.

मार्ग दुसरा : बोर्डावरून तार काढणं

मागची भोकं गंजली असतील किंवा तुटली असतील, तर पेटी उघडून आतल्या स्पीकरच्या टोकावरून सिग्नल घेता येतो. हे काम सोल्डरिंगचा हात असलेल्यानेच करावं. शिरपूर-धुळ्याकडे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा जुना मेकॅनिक असेल, तर त्याला खालच्या तीन ओळी दाखवल्या तरी पुरे. इंजिनीअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सीआरओवर आधी सिग्नल बघता आला, तर आणखी चांगलं.

आधी मल्टिमीटरने स्पीकरचं कोणतं टोक ग्राउंडला आहे ते शोधायचं. एकही टोक ग्राउंडला लागत नसेल, तर तिथेच थांबून आपल्या बोर्डाचा सर्किट डायग्राम बघायचा, कारण स्पेक्ट्रमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत ही जोडणी वेगवेगळी आहे.

ग्राउंड नसलेल्या टोकापासून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्यापुढे १० किलोओहमचा रजिस्टन्स आणि तिथून बाहेरच्या जॅकची तार. याच जागेवरून ३.३ किलोओहमचा दुसरा रजिस्टन्स ग्राउंडला.

प्रत्येक भागाचं काम वेगळं आहे. तारेवर आवाजासोबत स्थिर डीसी व्होल्टेजही असतं. कपॅसिटर ते अडवतो आणि फक्त हलणारा भाग, म्हणजे आवाज, पुढे सोडतो. दोन रजिस्टन्स मिळून तीन-साडेतीन व्होल्टचा सिग्नल पाऊण-एक व्होल्टच्या आसपास आणतात. ॲम्प्लिफायरच्या ‘लाइन इन’ला तेवढाच हवा असतो. शिवाय जॅक लावता-काढताना शॉर्ट झालं, तरी १० किलोओहममुळे चिपवर ताण येत नाही.

पेटीला मात्र भोक पाडू नये. जॅक लांब तारेवर ठेवून ती मागच्या फटीतून बाहेर काढावी. उद्या कुणाला यंत्र मूळ रूपात हवं असेल, तर दोन सोल्डर काढले की झालं. पेटीला पाडलेलं भोक परत बुजत नाही.

या तीन गोष्टी करूच नका

पहिली, आतला स्पीकर काढून त्या जागी थेट मोठा स्पीकर लावणं. आतला स्पीकर ४० ओहमचा आहे, बाजारातला साधारण ८ ओहमचा. त्याच व्होल्टेजला पाचपट करंट ओढला जातो, आणि तो पुरवण्याची ताकद त्या सर्किटमध्ये नाही. जळण्याची भीती यूएलएला आहे. फेरांटी कंपनीने खास स्पेक्ट्रमसाठी बनवलेली ही चिप आज नवी बनत नाही.

दुसरी, ॲम्प्लिफायरची स्पीकरकडे जाणारी तार चुकून कॉम्प्युटरच्या भोकात लावणं. ‘माइक’ आणि ‘इयर’ची भोकं शॉर्ट झाली तरी बिघडत नाही, असा दिलासा मॅन्युअल देतं. पण तो बाहेर जाणाऱ्या सिग्नलबद्दल आहे. बाहेरून आत येणाऱ्या करंटबद्दल नाही.

तिसरी आणि सगळ्यात धोक्याची, जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या आतल्या स्पीकरला तार जोडून त्याचाच ॲम्प्लिफायर म्हणून वापर करणं. अशा अनेक टीव्हींचा आतला धातूचा सांगाडा थेट मेनच्या विजेशी जोडलेला असतो. तिथली तार बाहेर आणली की कॉम्प्युटरची प्रत्येक उघडी पिन जिवंत होते. इथे यंत्र नाही, माणूस जातो.

शाळेतला बीबीसी मायक्रो सापडला तर?

१९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवण्याचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला गेला. पुढे शाळांमध्ये नवे कॉम्प्युटर आले आणि हे कपाटात गेले.

आवाजाच्या बाबतीत हा स्पेक्ट्रमपेक्षा श्रीमंत. यात एसएन-७६४८९ ही आवाजाची वेगळी चिप आहे. ती एकाच वेळी तीन सूर आणि एक खरखर वाजवू शकते. पुढे एलएम-३८६ हा छोटा ॲम्प्लिफायर आहे. बाहेर आवाज घ्यायचा तर या ॲम्प्लिफायरच्या आधीचा सिग्नल घ्यावा, म्हणजे तो स्वच्छ मिळतो. नियम तोच : कपॅसिटर मध्ये हवाच.

पण बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय पेटीच्या आतच असतो. म्हणजे झाकण उघडलं की मेनची वीज हाताशी. शिवाय त्या पॉवर सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर वयाने तडकतात आणि चालू केल्यावर काही मिनिटांत धूर काढून फुटतात, हा जगभरचा अनुभव आहे. ते बदलल्याशिवाय हे यंत्र चालू करू नये.

हे सगळं करायचं कशासाठी?

गेमची गाणी हे एक कारण. पण दुसरं त्याहून मोठं आहे.

स्पेक्ट्रमची मेमरी वीज गेली की कोरी व्हायची. लोडशेडिंगच्या गावात तासभर टाइप केलेलं एका क्षणात जायचं. म्हणून लोक आपले प्रोग्रॅम कॅसेटवर साठवत. आणि कॅसेटवर जे साठायचं, तो आवाजच होता. ‘शून्य’ म्हणजे साधारण २,०४७ हर्ट्झची एक लहर, ‘एक’ म्हणजे त्याच्या निम्म्या, १,०२३ हर्ट्झची. सुरुवातीला ८०७ हर्ट्झचा लांबलचक सूर, मग चिरचिर. पूर्ण ४८ केबीचा प्रोग्रॅम वाजायला पाच मिनिटांच्या आसपास लागायची.

म्हणजे ‘माइक’च्या भोकातून जी तार स्पीकरकडे गेली, तीच तार लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला लावली, की कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम आवाजाच्या फाइलमध्ये उतरवता येतो. जुनी कॅसेट टेपरेकॉर्डरवर वाजवूनही हेच करता येतं. वडिलांनी १९८८ मध्ये लिहिलेला पगाराचा हिशेब असो, की बहिणीने बनवलेला पाढ्यांचा खेळ, तो त्या फाइलमधून परत उभा राहू शकतो. ती फाइल आजच्या इम्युलेटरवर चालते, आणि खऱ्या स्पेक्ट्रमच्या ‘इयर’मध्ये वाजवली तर त्यावरही.

फक्त रेकॉर्डिंग ‘वेव्ह’ फॉरमॅटमध्येच करा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये किंवा कमी दर्जाच्या एमपी-थ्रीमध्ये नाही. ही तंत्रं माणसाच्या कानाला न जाणवणारे बारकावे काढून टाकतात. गाण्यात ते खपतं. इथे मात्र एक लहर बदलली की एक बिट चुकतो, आणि तेवढ्यावर अख्खा प्रोग्रॅम लोड व्हायला नकार देतो.

चुंबकीय टेप दरवर्षी थोडी थोडी उतरत जाते. त्यामुळे माळ्यावर कॉम्प्युटरशेजारी हाताने नावं लिहिलेल्या कॅसेट सापडल्या, तर आधी त्या वाचवा. स्पीकरवरचा ‘सा रे ग म’ त्यानंतरही वाजवता येईल.